नवा ज्यूसर घेतलास त्याबद्दल

फोंडा, गोवा
मे अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी रक्तातली साखर काठावर आलीय, रक्तदाब थोडा वर आहे आणि अण्णांच्या किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलंय, हे वहिनींकडून कळलं. त्यावर तू ज्यूसर आणलास आणि रोज सकाळी घरात सगळ्यांना मोठा ग्लास भरून रस सुरू केलास, हेही कळलं. तब्येतीचं मनावर घेतलंस याचा मला खरोखर आनंद झाला. पण फोनवर घाईत सगळं सांगता आलं नाही, आणि तुझ्या रसांच्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी जिवावर बेतू शकतील अशा आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींनाही वाचून दाखव, कारण भाजी त्याच आणतात.

आधी दुधी. तुझ्या यादीत पहिला तोच आहे. दुधी, काकडी, पडवळ, कोहळा ही सगळी एकाच कुळातली. या कुळात क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. बाजारातल्या चांगल्या दुधीत ते नावापुरतंच असतं, पण वेलीला पाणी कमी पडलं, ऊन फार झालं की एखादं फळ कडूजहर निघतं. वरून पाहून काही कळत नाही. भाजी केली तर पहिल्या घासालाच कळतं आणि भाजी टाकून दिली जाते. रसात मात्र आलं, लिंबू, गाजर, पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो, आणि उरलासुरला कडूपणा ‘कडू ते औषध’ म्हणून माणूस नाक धरून पिऊन टाकतो. 2010 च्या सुमारास दिल्लीत अशा रसानं मृत्यू झाला, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती बसवून सगळी प्रकरणं तपासली होती. त्यांचं सांगणं अगदी साधं होतं: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खं फळ टाका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. या विषावर उतारा नाही. प्यायल्यावर उलटी, मुरडा, जुलाब सुरू झाले तर ‘पोट साफ होतंय’ म्हणत घरी बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं.

मी काय करतो ते सांगतो. देठाकडची एक आणि टोकाकडची एक अशा दोन पातळ चकत्या काढतो. एकेक चकती पुढच्या दातांनी चावून जिभेवर मागेपर्यंत फिरू देतो, कारण कडू चव मागून येते आणि जरा उशिरा येते. मग थुंकतो. पुसटसा संशय आला तरी फळ कचऱ्यात. शिजवून कडूपणाची चव थोडी दबेल, पण द्रव्य जात नाही, म्हणून भाजीलाही ठेवायचं नाही. वीस-तीस रुपयांच्या फळावर जीव अडकवू नकोस रे.

दुसरी गोष्ट अण्णांची, आणि ही आजच कर: त्यांचा ग्लास बंद. किडनी कमजोर झाली की पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही. 100 ग्रॅम गाजरात ते साधारण 300 मिलिग्रॅम असतं, बीटमध्येही तेवढंच, पालकात त्याहून कितीतरी जास्त. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. कच्च्या रसात ते सगळंच्या सगळं उतरतं, आणि चार जणांच्या ताटात जाईल एवढी भाजी एका ग्लासात मावते. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आडसराचं पाणीही त्याच कारणानं त्यांना नको. तुम्ही पुणेकर त्याला शहाळं म्हणता आणि आजारी माणसाला पहिलं तेच देता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि बिमलां, म्हणजे ती आंबट हिरवी बिलिंबी. अण्णांना ती किती आवडतात ते मला माहीत आहे, तुमच्या जुन्या घरामागच्या झाडाखाली आपण मीठ लावून खात बसायचो. आमटीत दोन-चार घातली तर चांगल्या माणसाला काही होत नाही. पण केरळात कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून लोक बिमल्यांचा घट्ट रस काढून पिऊ लागले आणि त्यांतल्या काहींच्या किडन्या एकाएकी बंद पडल्या. तिथल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बिमल्यात ऑक्झॅलेट भयंकर असतं, त्याचे स्फटिक किडनीच्या नळ्यांत जाऊन बसतात. करमलां, म्हणजे ते पाच कडांचं स्टार फ्रूट, तर किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवरसुद्धा परिणाम करतं. अण्णांना ही दोन्ही फळं कुठल्याच रूपात देऊ नकोस. बाकी काय चालेल ते त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचार, माझ्या पत्रावरून ठरवू नकोस.

आता तुझं. तुला वाटतं फळातली साखर नैसर्गिक, म्हणून ती मोजायची नाही. संत्री सोलून खाल्लीस तर दोन खाऊन हात थांबतो. ग्लास भरायला तीन-चार लागतात आणि तो मिनिटाभरात संपतो. 250 मिलिलिटर संत्र्याच्या रसात वीसेक ग्रॅम साखर येते, म्हणजे चार-पाच चमचे. चोथा गाळून टाकलेला, चावायचं काम नाही, त्यामुळे ती साखर भराभर रक्तात जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 च्या शिफारशीत फळांच्या रसातली साखर मधाबरोबर आणि वरून घातलेल्या साखरेबरोबर एकाच हिशेबात धरली आहे, आणि रोज 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम असं म्हटलं आहे. तुझा सकाळचा एक ग्लास जवळजवळ तेवढा होतो. उसाचा रस तर विचारूच नको, 100 मिलिलिटरला 13 ते 15 ग्रॅम. खोक्यातल्या रसावरचं ‘100 टक्के फळांचा रस’ हे लेबल काढायला 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानंच कंपन्यांना सांगितलं, कारण त्यात बरंचसं पाणी आणि आटवलेला अर्क असतो. ते खोके घरात आणू नकोस. फळ खा. मानकुराद आंबा आला की त्याची फोड खा, त्याचा रस काढून वाटीवर वाटी रिचवू नकोस.

आपल्याकडे पेला भरून गोड रस प्यायची रीत होती कुठे? आठवून बघ. फुटी कढी, म्हणजे नारळाशिवायची कोकमाची कढी, वाटीभर, भाताबरोबर. सोलकढी जेवणाच्या शेवटी. काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातून कोणी नीरो आणला तर सकाळीच, आणि तोसुद्धा लहान पेल्यात, कारण बोंडांचा तो रस दुपारपर्यंत आंबायला लागतो. त्यात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, पण गोडही असतो, तेव्हा तुला पुढच्या हंगामात दोन घोटच. घरातला रस पातळ, आंबट आणि मिठाजिऱ्याचा असायचा. तोच तुझ्यासाठी योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

सध्या आमच्या अंगणात भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, पिकून पडताहेत. पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून घरात सगळ्यांचे हात जांभळे झालेत. धुवायची, फडक्यानं पुसून कोरडी करायची, अर्धी कापून बिया-गर काढायचा. सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणीत रचली आणि बरणी उन्हात ठेवली की आठवड्याभरात दाट लाल पाक सुटतो. ते आपलं कोकम सरबत. त्यात सालांच्या दुप्पट वजनाची साखर असते, म्हणून ते तुझ्यासाठी नाही, कितीही गावठी आणि घरचं असलं तरी. तुझ्यासाठी सुकी सोलां, म्हणजे आमसुलं. सात-आठ सोलां दोन पेले पाण्यात अर्धा तास भिजव, हातानं कुस्कर, ठेचलेल्या लसणीची एक पाकळी, हिरवी मिरची, चिमूटभर हिंग, कोथिंबीर. वरून मीठ घालू नकोस, सुकवताना सोलांना मीठ लावलेलंच असतं आणि तुझा रक्तदाब आहे. आगळही (कोकमाचा घट्ट रस) त्याच कारणानं टाळ, ते बहुतेक खारवलेलंच असतं. कोकमानं वजन उतरतं म्हणून गोळ्या विकतात, त्यांच्या नादी लागू नकोस. कोकम चवीसाठी आणि तहानेसाठी पी, त्यानं साखरेच्या पेयाची आठवण होत नाही, एवढा फायदा पुरे आहे.

सकाळचा रस हवाच असेल तर असा कर. अर्धी काकडी, तीही दुधीसारखीच चाखून. पावसात म्हापशाच्या बाजारात तवशी येतात त्या तर फारच छान लागतात, पण पुण्यात साधी काकडी चालेल. अर्धं गाजर, बीटाचा पेरभर तुकडा, आल्याची चकती आणि थंडीत मिळाला तर एक आवळा, बी काढून. ज्यूसर राहू दे, मिक्सरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालून बारीक कर आणि गाळू नकोस. वरून लिंबू पिळ. लहान पेला, दीडशे मिलिलिटर, जेवणाआधी किंवा नाश्त्याबरोबर, हळूहळू. गाजरातलं कॅरोटिन अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतं, म्हणून नाश्त्याबरोबर जास्त बरं. बीटातल्या नायट्रेटनं रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब थोडा उतरतो, हे खरं आहे. पण त्या भरवशावर गोळी बंद करू नकोस. लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस, ते बीटच. पालक मात्र कच्चा नको, वाफवून भाजीत खा. आणि पपनस, आपण चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधतो तो, किंवा ग्रेपफ्रूट: कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यांनी वाढतं. तुझ्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून मगच खा.

ज्यूसर फुकट गेला असं वाटून घेऊ नकोस. सावकाश पिळणारा असेल तर त्यात नारळाचं दूध सुंदर निघतं, सोलकढीला उपयोगी पडेल. गाजर-काकडीचा चोथा निघालाच तर थालीपिठात घाला. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण नको. रस काढला की लगेच प्या. उरलेला रात्री पिऊ म्हणून ठेवायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. मिक्सरच्या झाकणातली रबरी चकती रोज काढून धुवा, तिच्याखाली चिकट थर साठतो. आणि सात दिवस नुसत्या रसावर राहून ‘शरीर शुद्ध’ करायचं जे डोक्यात आहे ते काढून टाक. शुद्धीचं काम यकृत आणि किडनी रात्रंदिवस करतातच, आणि साखर काठावर असलेल्या माणसानं जेवण सोडून रसावर राहणं धोक्याचं आहे.

तीन महिन्यांनी तुझी एचबीए1सी, म्हणजे साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, पुन्हा करशील तेव्हा आकडा मला कळव. वाढला असेल तरी कळव, लपवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, अण्णांच्या पायांवर माझं डोकं.

तुझा,
फोंड्याचा मित्र

ता.क. पुढच्या आठवड्यात भाचा रात्रीच्या कदंब बसनं पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर सोलां पाठवतो. यंदाची अजून दमट आहेत, म्हणून गेल्या वर्षीची देतोय, ती जास्त काळी आणि चवीला चांगली असतात. काचेच्या बरणीत ठेव आणि ओला चमचा घालू नकोस. अण्णांना द्यायची की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरव.