सीपॅप यंत्र आणि कानांची धास्ती

महोदय,

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतील स्लीप अ‍ॅप्नियावरील (झोपेत वारंवार श्वास थांबण्याच्या विकारावरील) लेखात ‘सीपॅप यंत्रामुळे बहिरेपण येऊ शकते’ हे वाक्य कोणत्याही खुलाशाविना छापले गेले, त्याला माझा आक्षेप आहे. सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग खुला ठेवणारे यंत्र. ते वाचून इथे रामबागेत राहणाऱ्या माझ्या ७१ वर्षांच्या काकांनी त्याच रात्री यंत्र कपाटात ठेवले. घोरता घोरता श्वास थांबणे पुन्हा सुरू झाले आणि काकू रात्रभर उशाशी बसून राहिल्या.

या यंत्राचा आवाज साधारण ३० डेसिबल, म्हणजे कुजबुजीएवढा असतो. कानांना धोका मानतात तो ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास काढल्यास. कानांना दडे बसल्यासारखे वाटू शकते, हे मात्र खरे. नाकामागची जागा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी एक नळी असते. हवेचा दाब तिच्यातून कानापर्यंत पोहोचतो, नाक चोंदलेले असेल तेव्हा त्रास अधिक जाणवतो. पण डॉक्टर दाब कमी-जास्त करून देतात, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारे उपकरण) सुचवतात. कान दुखू लागला किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना जरूर दाखवावे. यंत्र परस्पर बंद करू नये. उपचाराविना राहिलेल्या स्लीप अ‍ॅप्नियाने रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या लेखात याचा उल्लेखही नव्हता.

पुढच्या पुरवणीत ठळक खुलासा छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदूर