पीक उभे असते तेव्हा आभाळ झाकलेले असते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागातल्या वनहक्क दाव्यांची, म्हणजे जंगलजमीन कसणाऱ्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांची, बातमी येते ती बहुतेक आकड्यांची: इतके दाखल, इतके मंजूर, इतके नामंजूर. नामंजूर का झाले ते बातमीत नसते, आणि पुष्कळदा दावेदाराच्या हातातल्या कागदावरही नसते. 'पुराव्याअभावी अपात्र' एवढ्यावर काम भागवलेले असते. नाहीतर दुसरे ठरलेले वाक्य: 'सन २००५ च्या उपग्रह छायाचित्रात लागवड दिसून येत नाही.' हे पत्र मुख्यतः या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

आपल्या पश्चिम पट्ट्यातली डोंगरउताराची शेती कशी चालते ते आधी पाहू. मृगाच्या आगेमागे राबात (पालापाचोळा भाजून केलेल्या रोपवाटिकेत) पेरणी, आषाढात लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद. मग माती थकते म्हणून दोन-तीन वर्षे पड. आता उपग्रहाचा कॅमेरा. जून ते सप्टेंबर पीक उभे असते तेव्हा वर ढग असतात. ढग हटेपर्यंत पीक खळ्यावर गेलेले असते. कायद्यातली अट १३ डिसेंबर २००५ ची: जमीन त्या तारखेच्या आधीपासून ताब्यात हवी. त्या दिवशी रानात धसकटे असणार आणि पडीला टाकलेल्या तुकड्यात गवत-झुडूप. हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या छायाचित्रात हा तुकडा जंगलासारखा दिसला तर नवल नाही.

त्यात ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, आकार. त्या काळच्या आपल्या उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर सुमारे २३.५ मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. एक एकराचा चौकोनी तुकडा एका बाजूने जेमतेम ६३-६४ मीटर; अख्ख्या तुकड्यात सात-साडेसात ठिपके. त्यातले बहुतेक कडेचे, म्हणजे अर्धे शेत आणि अर्धा शेजारचा साग. अशा चित्रावरून 'लागवड नाही' म्हणणे म्हणजे भिंगाशिवाय नाडीपट्टी वाचण्यासारखे. २००५ मध्येच सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचा ठिपका अडीच मीटरचा होता, तिथे गोष्ट वेगळी. म्हणूनच दावेदाराने पहिला प्रश्न हा विचारावा: चित्र कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या तारखेचे, ठिपका किती मीटरचा? उत्तर लेखी मागावे.

नियम याबाबत संदिग्ध नाहीत. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत जो नियम १२-अ घातला गेला, त्यात स्पष्ट आहे की उपग्रह छायाचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. दावा तपासणाऱ्या उपविभागीय वा जिल्हा समितीने विशिष्ट कागदाचाच हट्ट धरायचा नाही आणि केवळ तांत्रिक कारणावरून दावा फेटाळायचा नाही, हेही त्यातच आहे. तरीही कार्यालयातल्या पडद्यावरचे हिरवे-तपकिरी रंग ग्रामसभेच्या ठरावावर मात करतात.

ही सवय जुनी आहे. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली. रुळांखालच्या लाकडासाठी सरकारला जंगल हवे होते. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. योगायोग असा की त्याच वर्षी पेठ संस्थान खालसा होऊन थेट इंग्रजी अमलाखाली आले. पावसाळ्यात डोंगरात साखळी घेऊन फिरता येत नाही, म्हणून मोजणी उघडिपीत व्हायची. मोजणीदाराला पड दिसली, त्याने 'पडीक' लिहिले, आणि पुढे त्याचे 'सरकारी' झाले. राब भाजण्याला 'जंगलाची नासाडी' ठरवले गेले. ठाणे-कुलाब्यात त्यावरून एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९२७ च्या वनकायद्यात तर हक्क सांगायला जाहीरनाम्यापासून किमान तीन महिन्यांची मुदत, आणि जो हक्क सांगितला गेला नाही तो कलम ९ प्रमाणे संपला. डोंगरातल्या पाड्यावर तो जाहीरनामा कोणी वाचायचा? कागदावर रेघ पडली आणि आत राहणारा 'अतिक्रमणदार' झाला. २००६ च्या कायद्याच्या उद्देशिकेतच याला 'ऐतिहासिक अन्याय' म्हटले आहे, आणि तो वसाहतकाळात झाला तसाच स्वतंत्र भारतातही झाला, असे संसदेनेच मान्य केले आहे. आज पुन्हा उघडिपीतलेच चित्र पुढे ठेवून 'इथे शेत नाही' म्हणायचे, तर मोजणीदाराच्या जागी कॅमेरा आला एवढाच फरक.

या सगळ्यात एक गंमत आहे, कडू का होईना. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली वनखात्याची दंडाची पावती असते. आजोबांनी जमीन कसली म्हणून भरलेला दंड, खाली शिक्का, तारीख, कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या भागाला दिलेला नंबर). गुन्ह्याचा हा कागद आता कसणुकीचा पुरावा आहे, कारण तारीख २००५ च्या आधीची. पण अडतो तोही. पावतीवर 'काळू', रेशनकार्डावर 'काळूराम'. पावतीवर कक्ष क्रमांक, दाव्यात सर्व्हे नंबर. पहिल्यासाठी ग्रामसभेची वंशावळ जोडावी आणि दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे ठरावात लिहावे. दुसऱ्यासाठी गावच्या वनहक्क समितीने पंचनाम्यातच 'कक्ष अमुक म्हणजे सर्व्हे नंबर तमुकचा भाग' असे नोंदवून वनरक्षक आणि तलाठ्याची सही घ्यावी. ते हजर राहिले नाहीत तर त्यांना दिलेल्या सूचनेची पोच लावावी. पावती नाही म्हणून मात्र दावा पडत नाही. नियम १३ मधले एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि दगडी बांध, विहीर, घर, जुनी स्मशानाची जागा, वडीलधाऱ्यांचा जबाब हे सगळे त्या यादीत आहे.

जबाबाची तर आपणच माती करतो. दहा फायलींत एकच मजकूर, फक्त नावे बदललेली: 'मी यांना ओळखतो, ते पूर्वीपासून जमीन कसतात.' असा जबाब समिती बाजूला ठेवते आणि त्यात तिचा फार दोष नाही. जबाब दावेदाराचा स्वतःचा नसावा. त्यात चतुःसीमा याव्यात, कोणती पिके ते यावे, आणि काळ ओळखीच्या खुणेला बांधलेला असावा: '७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर जात होतो तेव्हा यांचे वडील ओहोळाच्या वरच्या अंगाला वरई करत.' हे वाक्य शिक्क्याच्या कागदाइतके बोलते.

मोजणीतही अशाच चुका होतात. जीपीएस यंत्र चालू केल्या केल्या चालायला लागले की पहिला कोपरा हमखास चुकतो. पाच-दहा मिनिटे एका जागी थांबावे. बांधावरून चालावे, सोयीची पायवाट धरून नव्हे. बांध जिथे वळतो तिथे प्रत्येक ठिकाणी बिंदू घ्यावा, आणि शेवटी पहिल्या कोपऱ्यावर परत येऊन दोन्ही वाचने जुळतात का पाहावे. पाच मीटरपेक्षा जास्त फरक आला तर मोजणी पुन्हा. पाच मीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण एक एकराच्या चौकोनी तुकड्याच्या चारही कडा पाच-पाच मीटर आत सरकल्या तर ४० गुंठ्यांचे साधारण २८ उरतात. कसतो एकरभर आणि पट्ट्यावर (मंजुरीच्या हक्कपत्रावर) पाऊण एकराहून कमी, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे असते. चार हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष ताबा जेवढा, तेवढे क्षेत्र मिळाले पाहिजे.

एक गैरसमज मुद्दाम सांगतो, कारण तो पाड्यांवर अजून फिरतो. तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची अट अनुसूचित जमातींना नाही. ती इतर पारंपरिक वननिवासींना आहे, आणि त्यांच्याबाबतही ती वास्तव्याची आहे, त्याच तुकड्याच्या ताब्याची नव्हे. कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी, ठाकर दावेदाराकडे कोणी ७५ वर्षांचा कागद मागत असेल तर त्याला २००६ च्या कायद्याचे कलम २ दाखवावे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या मोर्चाला सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे लेखी आश्वासन मिळाले होते. मुदतींची घाई आता आम्ही लावून धरत नाही; घाईघाईने नामंजूर करणे हेही निकाली काढणेच असते. जिल्हा प्रशासनाकडे मागणी तीनच गोष्टींची. नामंजुरीसोबत वापरलेल्या छायाचित्राची प्रत, त्यावर तारीख आणि ठिपक्याचा आकार. कारणे मराठीत आणि सविस्तर. आणि मंजूर पट्ट्यांचा सातबारा स्वतंत्र, पती-पत्नी दोघांच्या नावाने. आज नाव 'इतर हक्क' रकान्यात पडते, कब्जेदार म्हणून वनखाते राहते, आणि पीककर्ज मागायला गेले की सोसायटीचा सचिव नेमके तेच दाखवून परत पाठवतो.

दावेदारांसाठी शेवटचे. उपविभागीय समितीने दावा नाकारण्याची शिफारस केली तर जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस मिळतात, वर ३० दिवस वाढवून देणे समितीच्या मर्जीवर. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात २०२० पासून राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे जिल्हा समितीच्याही वर विभागीय समितीकडे जाता येते. निर्णय दावेदाराला समक्ष कळवायचा असा नियम आहे, पण कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. तेव्हा तो हाती आला की मागच्या बाजूला मिळाल्याची तारीख घालून देणाऱ्याची सही घ्यावी, आणि लगेच एक झेरॉक्स काढून ठेवावी.

आपले,
वनहक्क दाव्यांच्या कामातील काही कार्यकर्ते, नाशिक