म्हापशाच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशींना

प्रिय मावशी,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मावशी. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाजारातल्या भटक्या मांजरांची नसबंदी करायची म्हणून आम्ही पिंजरे आणले, डॉक्टर ठरवले, फेसबुकवर आवाहनही केलं. पण मांजरं काही पोस्ट वाचून पिंजऱ्यात जात नाहीत. दुकानातलं महागडं खाणं त्यांनी हुंगलं आणि पाठ फिरवली. तुम्ही बांगड्याचं डोकं पिंजऱ्यात पार आतल्या टोकाला ठेवलंत, वर गोणपाट टाकलंत आणि काहीच घडत नसल्यासारख्या जाऊन बसलात. कबरी आत गेली, दार पडलं. फार धडपडलीही नाही. झाकलेल्या पिंजऱ्यात मांजर लवकर शांत होतं.

खरं कठीण काम आदल्या दिवशीचं होतं. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून त्यांना उपाशी ठेवायचं. पायांत घुटमळणाऱ्यांना तुम्ही दिवसभर हुसकावलंत, शेजारणींनाही एक शेपटी टाकू दिली नाहीत. तुमचाच जीव जास्त कासावीस झाला होता.

ऑपरेशननंतर मांजरं परत आणली तेव्हा कुरकुर झाली, लांब कुठेतरी सोडायची ना! तुम्ही हातातली सुरी न थांबवता म्हणालात, "हीं गेल्यार दुसरीं येतलीं. हीं तरी वळखीचीं." जिथे खायला मिळतं ती जागा रिकामी राहत नाही, हे आम्ही पत्रकं वाटून सांगत होतो. आता नसबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलंय, हे गिऱ्हाइकांना तुम्हीच समजावता. (आमच्यापेक्षा बरं समजावता.)

आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. ट्रॉलर बंद, नुस्तं (मासळी) महाग, मांजरांचे हाल. तरी होडीवाल्यांकडून जे थोडंफार यायचं, त्यातली डोकी पिशवीत बाजूला काढलेली असायची. पैसे विचारले तर रागावलात.

मिरचीवाल्यांच्या मागची काळी अजून राहिली आहे. चार-पाच महिन्यांची मांजरीही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते, त्यामुळे थांबायला नको. शुक्रवारच्या गर्दीत जमणार नाही. दुसरा कुठलाही वार सांगा, आम्ही पिंजरा घेऊन येतो. बांगडा तुमच्याकडचाच, आणि या खेपेला पैसे घ्यायचे.

तुमची,
पिंजरेवाली मंडळी