घास अडकला तर शाळेत कोणाला काय येते? : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेत खाताना मुलांच्या श्वासनलिकेत घास अडकल्यास करायच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सक्तीचे करण्याबाबत

महोदय,

बदल्या, संचमान्यता, पडक्या वर्गखोल्या, थकलेली अनुदाने यांच्या निवेदनांनी आपले टेबल भरलेले असणार, याची मला कल्पना आहे. माझी मागणी त्या मानाने लहान आहे. शाळेत खाताना एखाद्या मुलाच्या श्वासनलिकेत घास अडकला, तर त्या क्षणी तिथे असलेल्या मोठ्या माणसाला काय करायचे ते आले पाहिजे. शिक्षकाला यायला हवेच. पोषण आहार शिजवणाऱ्या आणि वाढणाऱ्या ताईंना तर आधी यायला हवे, कारण घास तोंडात जातो तेव्हा मुलाच्या सर्वांत जवळ त्याच असतात. हे शिकवण्याची सक्तीची व्यवस्था आपल्या खात्याने करावी, यासाठी हे पत्र.

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून सांगली, सातारा, सोलापूरचीच नव्हे तर बेळगाव-विजापूरकडची माणसेही उपचारासाठी मिरजेची वाट धरतात. त्यांत अधूनमधून असे एखादे मूल येते, ज्याच्या श्वासनलिकेत शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका किंवा सीताफळाची बी अडकलेली असते. ती वस्तू दुर्बिणीने काढावी लागते. काढण्याचे काम सर्जनचे. मूल झोपलेले राहील पण त्याचा श्वास थांबणार नाही, हे पाहण्याचे काम माझे. ज्या वाटेने मी त्याला प्राणवायू द्यायचा, त्याच वाटेत सर्जनची दुर्बीण असते. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की मॉनिटरच्या टिकटिकीचा सूर खाली खाली उतरतो आणि पडद्याकडे न बघताही खोलीतल्या प्रत्येकाला ते कळते. चिमट्यात अर्धा शेंगदाणा येतो. ओलाव्याने फुगलेला, कडा मऊ पडलेल्या, जोरात धरला तर कुस्करेल असा. स्वरतंतूंमधून बाहेर येताना तो निसटून दुसऱ्या फुप्फुसाच्या तोंडाशी जाऊन बसला, तर मघापर्यंत चालू असलेले फुप्फुसही बंद व्हायचे. एवढासा दाणा बाहेर काढायला चार-पाच प्रशिक्षित माणसे लागतात.

पण महोदय, आमच्यापर्यंत पोचलेली ही मुले त्यातल्या त्यात सुदैवी म्हणायची. त्यांची वाट अर्धवट बंद झालेली असते, एका बाजूने तरी हवा आत जात असते. ज्यांची वाट पूर्ण बंद होते, त्यांना मिरजेपर्यंत आणायला वेळच उरत नाही. प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तरीही जतच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत किंवा शिराळ्याच्या डोंगराळ भागात ती पाच मिनिटांत पोचेल, असे कोणीच म्हणणार नाही. ती तशी पोचावी अशी माझी मागणीही नाही. ही पाच मिनिटे शाळेत हजर असलेल्या माणसांच्याच हातात असतात.

आमचा जिल्हा द्राक्षांचा. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत बागा उतरत असतात आणि तेव्हा शाळेत येणाऱ्या पोरांच्या खिशात मण्यांचा रस लागलेला असतो. द्राक्ष मुलांनी भरपूर खावे, माझे काही म्हणणे नाही. फक्त त्याचा धोका जिल्ह्याने समजून घ्यायला हवा. मणी गोल, गुळगुळीत आणि दाबला तर आकार बदलणारा असतो. तो घशात घसरला तर लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसतो आणि हवेला फटही ठेवत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला द्राक्ष देताना ते उभे चिरून, शक्यतो चार फोडी करून द्यावे. आडवे कापून उपयोग नाही, गोल चकती तशीच अडकू शकते. अंगणवाडी आणि पहिलीचा वर्ग एकाच आवारात असलेल्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे थोरला भाऊ खिशातले मणी किंवा मूठभर शेंगदाणे धाकटीला देतो, तेही मायेने. शिक्षिकेला ते दिसतसुद्धा नाही.

शेंगदाण्यावर बंदी घाला असे मी मुळीच म्हणत नाही. गरिबाच्या लेकराच्या ताटात शेंगदाणा, हरभरा, मटकी टिकायलाच हवी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे शासनाचेच प्रमाण आहे, आणि ती प्रथिने कडधान्यातूनच येतात. प्रश्न वाढण्याच्या रीतीचा आहे. अंगणवाडीच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, कूट करून लाडवात द्यावा. चिक्की असेल तर पहिली-दुसरीच्या मुलांना तिचे लहान तुकडे करून, बसवून, समोर चावायला लावून द्यावी. या वयात समोरचे दुधाचे दात पडलेले असतात आणि कायमच्या दाढा नुकत्या कुठे येत असतात. मूल कडक वस्तू धड तोडूही शकत नाही आणि धड चावूही शकत नाही, मग ती तशीच गिळते.

थोडी मोठी मुले वेगळ्या कारणांनी अडचणीत येतात. मधली सुट्टी छोटी असते आणि मैदान बोलावत असते, त्यामुळे तोंडात घास कोंबून पळत सुटणे हा रोजचा प्रकार. फुटाणा हवेत उडवून तोंडात झेलण्याची पैज लागते. घास तोंडात असताना कोणीतरी हसवते. गिळताना श्वासनलिकेचे झाकण मिटते, पण हसताना किंवा धापा टाकताना हवा आत ओढली जाते तेव्हा ते उघडे असते, आणि नेमका तेव्हाच दाणा चुकीच्या वाटेने जातो. म्हणून मुलांनी पंगतीत खाली बसून खावे, तोंडातला घास संपल्याशिवाय उठू नये आणि जेवणाला पुरेसा वेळ मिळावा, एवढ्याने बराचसा धोका टळतो. आपल्या शाळांतून ओळीने बसून, श्लोक म्हणून जेवण्याची पद्धत होतीच. जिथे ती मोडली आहे तिथे पुन्हा सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते.

शाळेतल्या दिव्यांग मुलांचा इथे वेगळा उल्लेख करते, कारण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला गिळण्याचा त्रास असू शकतो. इतरांसाठी साधी असलेली मोकळी मटकी किंवा भात त्याच्यासाठी धोक्याचा ठरतो. अशा मुलाला मान सरळ ठेवून, मऊ आणि घट्टसर अन्न, लहान लहान घासांनी भरवावे लागते. हे विशेष शिक्षकाला ठाऊक असते. पण तो आठवड्यातून एखादा दिवस येतो, आणि वाढणाऱ्या ताईंना कोणीच सांगितलेले नसते.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर काय, हे सांगते. ठसका लागलेले मूल जोरात खोकत असेल, बोलत किंवा रडत असेल, तर त्याची वाट उघडी आहे. त्याला खोकू द्यावे आणि जवळ उभे राहावे. आपल्याकडे अशा वेळी टाळूवर थापट्या मारून ‘वर बघ’ म्हणतात, पाणी पाजतात, केळे किंवा भाताचा गोळा गिळायला देतात. यातले काहीही करू नये. भीती वाटायला हवी ती शांततेची. आवाज निघत नाही, खोकता येत नाही, हात गळ्याशी जातात, ओठ निळसर पडू लागतात. अशा मुलाला पुढे वाकवावे आणि तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या भागाने, दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा माराव्यात. नाही निघाले तर त्याच्या मागे उभे राहून, लहान असेल तर गुडघ्यावर बसून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवावी, ती दुसऱ्या हाताने धरावी आणि आत-वर असे पाच झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे पाच-पाच आलटून पालटून चालू ठेवावे. दरम्यान दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध झाले तर जमिनीवर उताणे झोपवून छाती दाबायला सुरुवात करावी : ३० वेळा दाबणे, मग तोंडात पाहणे, वस्तू दिसली तरच काढणे, आणि तोंडाने दोन श्वास. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये, ती आणखी खाली ढकलली जाते. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके द्यायचे नसतात, पाठीवर थापा आणि छातीवर दाब द्यायचा असतो. ज्या मुलाच्या पोटावर झटके दिले, त्याला नंतर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

वाचून हे समजते, पण हाताला येत नाही. म्हणून भित्तीपत्रक लावून हे काम संपले असे कृपा करून मानू नका. एकदा सरावाच्या पुतळ्यावर करून पाहिलेले हात वेळेला आपोआप उठतात, हे मी पाहिलेले आहे.

व्यवस्था नव्याने उभारायची गरज नाही. केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतातच, त्यांतली वर्षातली एक या विषयाला द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके तपासणीसाठी प्रत्येक शाळेत जातात, त्यांच्या डॉक्टरांनी दोन तास थांबून शिक्षकांकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना सामान्य लोकांना जीवनरक्षक प्रथमोपचार शिकवण्याचे काम करतेच आहे, तिलाही सांगता येईल. सरावाचा एक पुतळा एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना पुरतो. मात्र स्वयंपाकी-मदतनीस ताई शिक्षण परिषदेला नसतात. त्यांना वेगळे बोलवावे लागेल, आणि त्या दिवसाचा भत्ता व प्रवासखर्च द्यावा लागेल. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईने पदरमोड करून प्रशिक्षणाला यावे, अशी अपेक्षा सरकारने ठेवू नये.

शिक्षकांशी बोलताना एक भीती वारंवार ऐकू येते : ‘आम्ही हात लावला आणि काही बरेवाईट झाले तर पालक आणि पोलीस आम्हालाच धरतील.’ ही भीती खरी आहे आणि ती हात अडवते. संमती घ्यायला वेळच नसताना दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. आपल्या शासन निर्णयात हे एका स्पष्ट वाक्यात लिहा. प्रशिक्षणाप्रमाणे प्रथमोपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यामागे खाते उभे राहील, हेही लिहा. सगळ्या पत्रात एकच गोष्ट मान्य करायची झाली तर मी हे वाक्य मागेन.

आणखी एक, डॉक्टर म्हणून. कधी कधी ठसका थांबतो, मूल खेळायला जाते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण दाणा खाली फुप्फुसात उतरलेला असतो, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, कारण तिकडची नळी रुंद आणि सरळ असते. मग काही दिवसांनी खोकला, ताप, एका बाजूची घरघर. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दमा म्हणून, न्यूमोनिया म्हणून औषधे चालू राहतात आणि ठसक्याची आठवण कोणालाच नसते. शाळेने त्याच दिवशी पालकांना सांगितले, ‘आज खाताना जोरात ठसका लागला होता, खोकला राहिला तर डॉक्टरांना हे सांगा’, तर निदान कित्येक दिवस आधी होईल. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून ज्यात नोंद करतात, त्या पोषण आहाराच्या चव नोंदवहीतच यासाठी एक रकाना वाढवता येईल.

ती नोंदवही आपल्या खात्याने नीट रुजवली आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले गेली आणि देशभर शाळेतल्या अन्नाच्या सुरक्षेकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. अडकलेला घास एका वेळी एकाच घरी दुःख देतो. त्यामुळे त्याची अशी राष्ट्रीय बातमी होणार नाही आणि आपल्यावर तसा दबावही येणार नाही. म्हणूनच ही सुरुवात आपण स्वतःहून करावी लागेल.

घशातील वस्तू ओढून काढणारी यंत्रे हल्ली ऑनलाइन विकली जातात. उद्या कोणी ती शाळाशाळांत खरेदी करण्याचा प्रस्ताव आणेल. त्यावर पैसा घालू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही आधी नेहमीचे प्रथमोपचारच करावेत असे सांगितले आहे. तो पैसा सरावाचे पुतळे आणि ताईंचा भत्ता यांना द्या.

नवे शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते. त्याआधी शासन निर्णय निघाला तर पहिल्याच शिक्षण परिषदेपासून काम सुरू होईल. जिल्ह्यात त्याची जबाबदारी नेमकी कोणाकडे, हे त्यात पदनामासह असावे, नाहीतर शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या मधे कागद फिरत राहतो. सुरुवात एका जिल्ह्यातून करायची असेल तर सांगली घ्या. जत आणि शिराळा ही दोन टोके आधी करू. मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला शिकवायला यायला तयार आहोत. फक्त शनिवारची दुपार ठेवा, त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि दुपारी ताईंनाही थांबता येते.

आपली नम्र,
मिरजेतील एक भूलतज्ज्ञ
मिरज, जि. सांगली