लिलावाआधीच चित्राची बातमी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वासुदेव गायतोंडे यांचे चित्र लिलावात विकले गेले की बातमी येते आणि ती आकड्यापाशीच संपते. २०१३मध्ये मुंबईत २३.७ कोटी, २०१५मध्ये २९.३ कोटी, सप्टेंबर २०२५मध्ये ६७ कोटींच्या वर. चित्र कधी रंगवले, केवढे आहे, आजवर कोणाकडे होते, याविषयी अवाक्षर नसते. शेजारच्या बोटभर फोटोत पिवळसर चौकोन दिसतो आणि वाचक विचारतो, ‘यात एवढे काय आहे?’ त्याचा प्रश्न रास्त आहे, कारण चित्र त्याला कोणी दाखवलेलेच नाही.

गायतोंडे यांची तैलचित्रे छापील फोटोत पोहोचतच नाहीत. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) खरवडायचा, मासिकांचे फाडलेले कागद दाबून तो उचलायचा किंवा उमटवायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा नवा थर. असे काम वर्षाकाठी मोजक्याच कॅनव्हासवर व्हायचे. जवळ गेलो की खालच्या थरातला रंग वरच्या थरातून झिरपताना दिसतो, मागे सरकलो की आकार तरंगू लागतात. डोळे स्थिरावायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चित्रासमोर उभेच राहावे लागते.

ती संधी मिळते किती जणांना? १९४८मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडलेल्या या चित्रकाराचे मोठे प्रदर्शन २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले. तिथे जाणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नव्हते. लिलावात विकलेले चित्र बहुधा खासगी भिंतीवर जाते आणि पुढची कित्येक वर्षे दिसत नाही. घेणाऱ्याचा तो हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण लिलावाआधी काही दिवस ही चित्रे मांडलेली असतात. सहसा प्रवेश विनामूल्य असतो, बोली लावण्याची सक्ती नसते. ‘ते श्रीमंतांचे काम’ समजून लोक दारातूनच परततात, कित्येकांना तर पत्ताच नसतो. म्हणून विनंती आहे की, अशा मांडणीची जागा, तारखा आणि वेळ नाटकांच्या प्रयोगांइतक्याच ठळकपणे आधी छापा. चित्रकलेची जाण असलेला बातमीदार तिथे पाठवा आणि त्याला जे दिसले ते लिहू द्या. विक्रीनंतर किंमत देताना ती नुसती बोली आहे की खरेदीदाराचा अधिभार (लिलावगृह बोलीवर आकारते ती जादा रक्कम) धरून आहे, हेही नमूद करावे.

– एक चित्ररसिक वाचक