अण्णा, तोंडावर बोलायला जमलं नाही म्हणून लिहितोय

अण्णा, नमस्कार.

सोमवारी सकाळी मार्केटाकडच्या हॉटेलात आलो तर काउंटरवर तुमच्या जागी तुमचा मुलगा बसलेला. म्हणाला, अप्पा आता रोज नाही येणार, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय, जास्त करून कुंदापूरलाच असतील, महिन्यातून एकदा-दोनदा चक्कर मारतील. मी बरं म्हटलं, चहा घेतला आणि पर्वरीला निघून आलो, पण दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. तेरा वर्षं झाली तुमच्याकडे येऊन आणि नीट आभार मानले असं एकदाही झालेलं नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, "आधी ते पार्सल बघ." म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्याकडे वर्षानुवर्षं बन्स-भाजी खाणाऱ्या पणजीकरांनाही यातलं बरंचसं माहीत नाही.

मराठीत लिहितोय त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. १९७४ साली तुम्ही कुंदापूरहून बसनं पणजीत उतरलात तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे, तोंडात कन्नड आणि तुळू एवढंच, काम टेबलं पुसायचं आणि कपबश्या विसळायच्या. रात्री हॉटेल बंद झालं की गिऱ्हाइकांनी सोडून दिलेला गोमन्तक पेपर घेऊन मागच्या खोलीतल्या बल्बाखाली एकेक अक्षर जोडत मथळे वाचायचात. अर्ध्या अक्षरांचा अर्थ सकाळी कोणाला तरी विचारायचात. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, पण मला तो बल्ब बघितल्यासारखा आठवतो.

माझी सुरुवात सांगतो. आमचं गाव डिचोली तालुक्यात. बाबांचा स्वतःचा टिप्पर ट्रक होता, खाणीवरून बार्जच्या जेटीपर्यंत खनिजाचा माल मारायचे, दिवसाला जितक्या ट्रिपा तितके पैसे. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारनं खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. टिप्पर अंगणात उभा राहिला. आमच्या वाड्यावर एका रांगेत अकरा टिप्पर उभे होते, टायरात पाणी साचून डास होत होते. फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले, मग माणसं घरी यायला लागली, आईसमोर काय काय बोलून गेली ते लिहीत नाही. मी बी.कॉम. होऊन वर्ष झालेलं, पणजीत चार ऑफिसं फिरलो, सगळीकडे तेच, आधीच माणसं कमी करतोय.

बाबा तुम्हाला ओळखायचे ते साखळी रस्त्यावरच्या तुमच्या हॉटेलामुळे. पहाटे साडेचारला उघडायचं ते, टिप्परवाल्यांसाठीच. चहा, बन्स, पातळ भाजी, उसळ, आणि हिशोब महिन्याच्या शेवटी. बाबांनी एका रात्री खूप वेळ विचार करून तुम्हाला फोन लावला, मी बाजूलाच होतो. तुम्ही म्हणालात, "पाठवून दे सोमवारी." बस, एवढंच बोलणं.

मला काय माहीत होतं तेव्हा! सोमवारी आल्यावर कळलं की खाण बंद झाल्यामुळे साखळी रस्त्यावरचं हॉटेल तुम्ही स्वतःच बंद करत होता, तिथल्या चौदा माणसांना पणजी आणि मडगावात कुठे बसवायचं हे तुमच्याच डोक्यावर होतं, आणि त्यात तुम्ही पंधरावा मला घेतलात. ज्या कारणानं माझं घर बसलं त्याच कारणानं तुमचंही एक हॉटेल गेलं होतं. तुम्ही नाही म्हणाला असता तर बाबांनाही वाईट वाटलं नसतं, अण्णा.

पहिला महिना मला वाटलं हिशोबाला बसवतील. तुम्ही बसवलंत ग्राइंडरजवळ. त्याचं महत्त्व तेव्हा कळलं नाही. उडुप्याच्या हॉटेलात पिठाजवळ बाहेरचा माणूस सहसा जात नाही, तिथे गावचा पोरगा लागतो, ओळखीतला, आपल्या भाषेतला. भंडारी मास्तर, आपले आचारी, दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तुम्ही त्यांना तुळूत काहीतरी सांगितलंत, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझा हात धरून पिंपात घातला. पीठ हातानंच कालवायचं, चमच्यानं नाही, हाताच्या उबेनं ते उठतं. चाराला एक उडीद, मूठभर मेथी, पोहे. मे महिन्यात मीठ आधीच घालायचं म्हणजे आंबणं आवरतं, डिसेंबरात सकाळी घालायचं. उडीद वेगळा वाटायचा आणि पाणी बर्फाचं, नाहीतर दगड तापतो आणि पीठ बसतं. वाटलेल्या उडदाचा थेंब पाण्यात टाकला की तरंगायला हवा. बन्ससाठी केळी साल काळी पडलेलीच, पिवळी केळी आणली म्हणून एकदा तुम्ही मला अख्खी करंडी घेऊन बाजारात परत पाठवलं होतं. जिरं, दही, मैदा, रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी जाडसर लाटून तळायचं. आजही पर्वरीत बन्स फुगला नाही की मी आधी केळ्याची साल बघतो.

आणि ३ डिसेंबर २०१४. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्यात त्या वर्षी दहा वर्षांनी येणारं एक्स्पोझिशन, म्हणजे त्याचं शव दर्शनाला ठेवतात ते, जुन्या गोव्याला जायला माणसं पहाटेपासून कदंब स्टँडवर लोटलेली. स्टँडजवळच्या आपल्या हॉटेलचं पीठ आदल्या रात्री माझ्यावर होतं आणि मी रोजच्याच अंदाजानं भिजवलेलं. साडेनऊला दोसा संपला. बाहेर रांग, बेळगावाकडून चालत आलेली माणसं होती त्यात, म्हाताऱ्या बाया होत्या. मला घाम फुटला. तुम्ही मार्केटाकडून स्कूटरवर आलात, आत येऊन पिंप बघितलंत, एक शब्द बोलला नाही, मला मागे बसवून थेट पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे नेलंत. त्याच्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पोई, म्हणजे कोंड्याच्या गोल पोळीसारखे पाव, आणि साधे पाव घेतले, दोन पोत्यांत भरून मांडीवर घेऊन मी मागे बसलो. अळसांद्याची पातळ भाजी आणि पोई, त्या दिवशी दुपारपर्यंत तेच विकलं. कोणी उपाशी गेलं नाही.

रात्री हॉटेल बंद झाल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. मला वाटलं आता काढून टाकतील. तुम्ही वही उघडलीत, २००४ च्या एक्स्पोझिशनची, कन्नड आकड्यांत लिहिलेली, कुठल्या दिवशी किती पीठ गेलं, किती वाजता संपलं, पाऊस होता की नव्हता. म्हणालात, "ही वही तुला आधीच दाखवायला पाहिजे होती, चूक माझी." अण्णा, चूक माझी होती. हे मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो. त्या रात्रीपासून मी कन्नड आकडे शिकायला घेतले.

लोक विचारतात तुमच्या मालकानं चार-चार हॉटेलं कशी काय उभी केली, बँकेचं मोठं कर्ज असेल, मागे कोणी असेल. मागे कोणी नव्हतं. पहिलं सहा टेबलांचं, मार्केटाकडे, १९८३ चं. मग १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि सगळा बार्देश फेरीबोटीवर आला. लोक भिजत रांगेत उभे, ऑफिसला उशीर, पोटात काही नाही. तुम्ही दोन पोरांना किटली आणि कागदात बांधलेले बन्स देऊन सकाळी सहाला धक्क्यावर पाठवायला लागलात. नवा पूल १९९२ ला झाला, तोपर्यंत पणजीतल्या अर्ध्या क्लार्क लोकांना तुमचा बन्स पाठ झालेला. स्टँडजवळचं दुसरं हॉटेल त्यातनंच निघालं. मडगावचं कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर पुढच्या वर्षी, १९९९ ला, आणि साखळी रस्त्यावरचं २००५ ला, खाणी जोरात असताना.

पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती लोकांना माहीत नाही. प्रत्येक नव्या हॉटेलात तुम्ही जुन्या हॉटेलातल्या एका माणसाला भागीदार केलंत. स्टँडजवळ चार आणे, म्हणजे रुपयातला चौथा हिस्सा, भंडारी मास्तरांचे. मडगावात चार आणे ज्याचे, तो तुमच्याकडे कपबश्या विसळायला आलेला. पैसे नसले तरी चालायचं, त्याचा हिस्सा नफ्यातून वळता व्हायचा. म्हणून तर तुमच्या हॉटेलात गल्ल्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावायची गरज इतकी वर्षं पडली नाही. मी दुसरीकडेही बघितलंय, मालक एक आणि बाकी सगळे नोकर, तिथे तिसरं हॉटेल उघडलं की पहिल्याची चव जाते.

आणि २०१९ मध्ये पर्वरीचं करायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला बोलावून म्हणालात, "दोन आणे तुझे." मी ना तुमच्या गावचा ना तुमच्या भाषेतला. टिप्परवाल्याचा मुलगा. घरी जाऊन आईला सांगितलं तर तिनं आधी देवाजवळ दिवा लावला आणि मग रडली.

पाचच महिने चाललं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद. गोव्यात पहिले काही दिवस किराणासुद्धा मिळत नव्हता, बेळगावची भाजीची गाडी नाही, कर्नाटकात जायचे रस्ते बंद, आणि आपल्या चारही हॉटेलांतली अडकलेली माणसं, कुंदापूरची, ओडिशाची, नेपाळची, मिळून अडतीस. तुम्ही सगळ्यांना मार्केटाकडच्या हॉटेलात आणि वरच्या माळ्यावर आणलंत. साठ वर्षांचं वय तुमचं, आणि स्वतः भट्टीसमोर. उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं सार, खारातली कैरी. त्यावेळचा तुमचा एक हात मला अजून दिसतो, साराच्या पातेल्यावर झाकण धरलेलं आणि दुसऱ्या हातानं तुम्ही वाढणाऱ्याला खूण करताय, त्या कोपऱ्यातल्या ओडिशाच्या पोराला अजून घाल म्हणून, कारण तो लाजून मागत नव्हता. श्रमिक ट्रेन सुरू झाल्यावर घरी निघालेल्या प्रत्येकाच्या हातात तुम्ही पूर्ण पगार दिलात. कुठून आणलेत ते पैसे, मी हिशोब बघत असूनही मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, गावची सुपारीची बाग.

मी तुमच्याकडे आलो होतो जूनमध्ये, दोन आणे परत घ्या म्हणायला, कारण भाडं थकलेलं आणि माझ्या वाट्याचं नुकसान मला भरता येणार नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नुकसान माझ्या वहीत लिही. तुझे दोन आणे तुझ्याच वहीत राहू देत." आज पर्वरीचं हॉटेल उभं आहे, बारा माणसं कामाला आहेत, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, हे सगळं त्या वाक्यावर उभं आहे, अण्णा. तुमचे उपकार फेडण्याइतका मी मोठा नाही, पण विसरण्याइतका लहानही नाही.

एक काम राहिलंय, ते सांगून थांबतो. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला तुम्ही मला माळ्यावर पाठवलं होतं. तिथे लाल फडक्यात बांधलेली साखळी रस्त्यावरच्या हॉटेलची उधारीची वही मिळाली. टिप्परवाल्यांची नावं, सप्टेंबर २०१२ पर्यंतची, एकाच्याही नावावर रेघ मारलेली नाही आणि एकालाही तुम्ही कधी फोन केलेला नाही. सातव्या पानावर बाबांचं नाव आहे, दोन हजार तीनशे चाळीस रुपये. मी बाबांना सांगितलं. तेव्हापासून ते तीन वेळा पैसे घेऊन तुमच्याकडे आले आणि तीनही वेळा तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. त्यांना ते लागतं, अण्णा. टिप्पर विकला तेव्हा बाकी सगळ्यांचं देणं फेडून मोकळे झाले ते, एक तुमचंच राहिलंय.

तुम्ही गोव्यात याल तेव्हा मुलाला सांगून मला निरोप द्या. बाबा येतील, पैसे पाकिटात घालून ठेवलेत त्यांनी. या वेळी घ्या, आणि ती वही मी माळ्यावरून काढून आणतो, त्यांच्यासमोर रेघ मारा.

तुमचा,
पर्वरीचा दोन आणेवाला