एसएमपीएस तपासा, पण लोडवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘संगणक वारंवार बंद पडत असेल तर’ या आशयाचा लेख आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. धूळ, व्हायरस, तापलेला प्रोसेसर, सैल बसलेली रॅम हे सगळं त्यात नीट आलं आहे. एसएमपीएसबद्दल, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या कॅबिनेटमधल्या डब्याबद्दल, मात्र एकच वाक्य आहे: संगणक चालूच होत नसेल तर एसएमपीएस पाहा. पत्र लिहितेय ते या वाक्यासाठी. बिघडत चाललेला एसएमपीएस संगणक अगदी व्यवस्थित चालू करतो, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

मी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. गेल्या वर्षी माझा संगणक असा वागू लागला: नुसत्या मजकुराची पानं लावताना दिवसभर काही त्रास नाही, पण चित्रांच्या पुस्तकाची पीडीएफ करायला टाकली की तीन-चार मिनिटांत स्क्रीन काळी. निळी स्क्रीन नाही, कसला संदेश नाही, कुणी वायर उपटल्यासारखा बंद. नंतर बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबायचा. मागची कॉर्ड काढून मिनिटभराने पुन्हा लावली की मुकाट सुरू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद असायची. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता थांबला. का थांबला ते त्यात नसतं. धूळ काढून झाली, एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून झालं, प्रोसेसरचं तापमानही पाहिलं. ते ठीक होतं.

दुरुस्तीला आलेल्यांनी एसएमपीएस सुटा केला. चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला वाकवलेल्या क्लिपने जोडली, आणि पंखा फिरला. ‘‘एसएमपीएस ओके आहे, ताई. मदरबोर्ड गेलाय.’’ बोर्ड बदलला. दोन दिवस मजकुराचंच काम होतं, तेव्हा सगळं छान. तिसऱ्या दिवशी चित्रांची फाइल आली आणि पुन्हा स्क्रीन काळी. उद्या छपाईला जायचं पुस्तक अडकलेलं असताना काय होतं, ते हे काम करणाऱ्यांना सांगायला नको.

हिरवी वायर ही मदरबोर्डाने एसएमपीएसला ‘सुरू हो’ म्हणण्याची वायर. ती काळीला जोडून पंखा फिरलाच नाही, तर डबा गेला हे बहुतेक नक्की. पण फिरला, तर तो जिवंत आहे इतकंच कळतं. हमालाच्या पाठीवर काहीच न ठेवता त्याची ताकद जोखावी, तसं आहे हे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग, वाळत जातात. बिनओझ्याचे व्होल्ट ते बरोबर देतात. ओझं, म्हणजे लोड, आलं की कोलमडतात.

शेवटी माझे धाकटे दीर मल्टिमीटर घेऊन आले. कॅबिनेटचं झाकण उघडलं, संगणक चालूच ठेवला. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. चार पिनांच्या एका मोकळ्या कनेक्टरमध्ये काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनेला, लाल प्रोब पिवळीच्या. प्रोबचं टोक एकाच वेळी दोन पिनांना लागू द्यायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. आकडा आला १२.०४. ‘‘वहिनी, आता टाका पीडीएफ.’’ मी टाकली. ११.७. ११.५. मग ११.३, ११.२, आणि अंधार. बारा व्होल्टच्या वायरला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत त्याखाली गेला होता. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ असायला हवेत. ते दोन्ही आमच्याकडे ठीक होते. हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच असतात. तिथे रंगावर न जाता पिनेची जागा पाहावी लागते.

आकडा चांगला आला म्हणून डबा निर्दोष ठरत नाही, हेही सांगायला हवं. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. क्षणभराची घसरण आणि व्होल्टमधली थरथर त्याला दिसत नाही. बायोसमधले, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवरचे, व्होल्टचे आकडे तर संगणक निवांत असतानाचे. म्हणून खात्री करायची तर पुरेशा वॅटचा, चालू असल्याची खात्री असलेला दुसरा एसएमपीएस लावून तेच जड काम पुन्हा करून पाहावं. त्यात एक धोका आहे: वायरी सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नयेत. टोकं सारखी दिसली तरी डब्याकडच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळू शकते. आणि तो डबा घरी कुणी उघडू नये. कॉर्ड काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या लेखात या मर्यादांचे आकडे चौकटीत छापावेत. दुरुस्ती करणाऱ्यांना विनंती आहे की बोर्ड बदलायला सांगण्याआधी लोडवरचा आकडा ग्राहकासमोर घ्यावा आणि बिलावर लिहावा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांअभावी माझे अकरा दिवस गेले आणि एक चांगला बोर्ड काढून टाकला गेला.

नवा एसएमपीएस लावल्यापासून माझा संगणक एकदाही बंद पडलेला नाही. ‘गेलेला’ तो जुना बोर्ड दिरांनी त्यांच्या मुलीच्या संगणकात बसवला. आठ महिने झाले, ती रोज त्यावर अभ्यास करते.

आपली,
एक अक्षरजुळणीकार वाचक